मूळ गाणें व मागाहून गाइलेलें गाणें

एकानें गाजविलेलें पद दुसऱ्यानें गाइलें कीं घरोघर दोन पक्ष पडतात. वडील मंडळी म्हणतात, मूळची सर नाहीं. मुलें म्हणतात, आम्हांस नवेंच गोड लागतें. या वादाचा निकाल केवळ वयावरून लागूं नये, असें आमचें मत आहे.

‘कट्यार काळजात घुसली’ या संगीत नाटकाचेंच उदाहरण घ्या. पुरुषोत्तम दारव्हेकर यांचें हें नाटक १९६७ सालीं रंगभूमीवर आलें. त्यास संगीत पंडित जितेंद्र अभिषेकी यांचें होतें, आणि खांसाहेबांची भूमिका पंडित वसंतराव देशपांडे यांनीं केली. २०१५ सालीं या नाटकावरून चित्रपट निघाला; त्यांत खांसाहेबांचीं पदें वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनीं गाइलीं.

दोहोंची तुलना करतांना एक भेद ध्यानीं ठेवावा. रंगभूमीवर गायकनटास श्रोत्यांचा कल पाहून पद वाढवितां येतें. चित्रपटांत तें प्रसंगाच्या मिनिटांनीं बांधलेलें असतें. म्हणून नवें पद आटोपशीर झालें, एवढ्यावरून तें हीन ठरत नाहीं. शिवाय ‘घेई छंद मकरंद’ या पदास मूळ नाटकांतच दोन चाली आहेत, एक संथ व दुसरी चपळ. संगीतकारानेंच एका पदास दोन रूपें दिलीं असतां, रूप पालटणें हाच दोष कसा मानावा?

आमच्या मतें दोष दोन ठिकाणीं असतो. मूळ गायकाची प्रत्येक तान जशीच्या तशी उतरविणें ही केवळ नक्कल होय. आणि पदाचा अर्थ न जाणतां निराळेपणासाठींच निराळें गाणें हा केवळ हट्ट होय. राहुल देशपांडे यांच्या गाण्यांत आजोबांची आठवण आहे, पण नक्कल नाहीं. म्हणून तें आम्हांस आवडतें.

मात्र एक गोष्ट आम्हांस खटकते. शाळांच्या संमेलनांत हीं पदें म्हटलीं जातात, तेव्हां बहुधा चित्रपटाचेंच नांव सांगितलें जातें; कवि व संगीतकार विसरले जातात. नदीचें मूळ व ऋषीचें कूळ विचारूं नये म्हणतात. गाण्याचें मूळ मात्र अवश्य विचारावें. विद्यार्थ्यांनीं पद म्हणण्यापूर्वीं त्याच्या कर्त्यांचीं नांवें सांगावीं. पालकांनीं एखाद्या संध्याकाळीं दोन्ही ध्वनिमुद्रणें मुलांसह शांतपणें ऐकावीं, आणि मत त्यानंतरच द्यावें.