कळकलेले ताक आणि प्लॅस्टिकचा डबा

कल्हई नसलेल्या पितळी पातेल्यात ताक ठेवू नये, ते कळकते, हे आपल्या घरांतून पूर्वी पोराबाळांसही ठाऊक असे. भांडे अन्नात उतरते हा धडा त्या पिढीस जिभेनेच दिला होता. प्लॅस्टिकच्या डब्याविषयी आम्हांस चिंता वाटते ती एवढ्याचसाठी, की त्यातील द्रव्येही अन्नात उतरतात. मात्र जिभेस त्यांचा पत्ता लागत नाही.

बिस्फेनॉल-ए या द्रव्याचीच कथा पाहावी. 1891 साली रशियन रसायनज्ञ दियानिन यांनी ते प्रथम तयार केले. पुढे 1936 साली लंडनचे चार्ल्स डॉड्स हे स्त्रीदेहातील संप्रेरकाची जागा घेईल असे कृत्रिम औषध शोधीत असता, हे द्रव्य तसे कार्य अल्प प्रमाणात करते, असे त्यांस आढळले. अधिक प्रभावी औषध मिळाल्यावर ते मागे पडले. आणि नंतर त्याच द्रव्यापासून काचेसारखे पारदर्शक पॉलिकार्बोनेट व डबाबंद अन्नाच्या पत्र्याचे आतील अस्तर बनू लागले! औषध म्हणून नाकारलेली वस्तू अशी आपल्या ताटापर्यंत आली.

ती किती पोटात गेल्यास चालेल? युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2015 साली शरीराच्या दर किलो वजनामागे दररोज 4 मायक्रोग्रॅम ही मर्यादा सांगितली होती. 2023 साली तीच 0.2 नॅनोग्रॅमवर आणली, म्हणजे वीस हजार पटींनी खाली. जर्मनीच्या तज्ज्ञसंस्थेस हे पटले नाही. तिची मर्यादा याहून हजार पट सैल आहे. तज्ज्ञांनी खुशाल वाद घालावा. तान्ह्या मुलांच्या बाबतीत तो मिटण्याची वाट पाहू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. युरोपने 2011 साली व आपल्या भारतीय मानक ब्युरोने 2015 साली दुधाच्या बाटल्यांतून पॉलिकार्बोनेट हद्दपार केले, ते योग्यच झाले.

दुसरे द्रव्य थॅलेट. ताठर प्लॅस्टिक मऊ व्हावे म्हणून ते मिसळतात. ते प्लॅस्टिकशी पक्के जोडलेले नसल्यामुळे हळूहळू सुटते आणि तेलातुपात सहज मुरते. दूध काढण्याच्या यंत्राच्या नळ्यांतूनही ते येऊ शकते. तेथे गृहिणीचा काय इलाज? परंतु कढत चहा वा तर्रीदार रस्सा पिशवीत बांधून आणणे तिच्या हाती आहे. ती पिशवी कशाची, हे पुष्कळदा देणाऱ्यासही ठाऊक नसते. उष्णता, स्निग्धता आणि मुक्कामाचा काळ, या तिहींनी पाझर वाढतो. म्हणून कोरडे पोहे डब्यात राहिले तर आम्ही कुरकुर करणार नाही. लोणच्यास मात्र चिनीमातीची बरणीच हवी, आणि गरम आमटीस स्टीलचा डबा.

‘बिस्फेनॉल-ए विरहित’ या चिठ्ठीवरही फार विसंबू नये. त्याच्या जागी पुष्कळदा बिस्फेनॉल-एस येते, आणि प्रयोगशाळेत त्याचेही वर्तन या थोरल्या भावंडासारखेच दिसले आहे.