उसाची टने आणि कोयत्याचा हिशेब

शेतीचे उत्पन्न वाढले की खेड्यातील दारिद्र्य आपोआप हटते, हा सिद्धान्त एका अर्थपंडितांनी नुकताच पुन्हा एकदा, नेहमीच्याच आत्मविश्वासाने, मांडला आहे. धरण बांधा, पाट काढा, ऊस लावा. कारखान्यामागून रस्ता येतो, रस्त्यामागून शाळा व दवाखाना येतो, मग गरिबाच्या तक्रारीस जागा कोठे उरते? इतक्या सोप्या उपायाकडे सरकारदरबारी कोणाचे लक्षच गेले नाही, असे मात्र नाही. धरणे झाली, साखरही झाली.

महाराष्ट्रात लागवडीखालील क्षेत्राच्या शेकडा दहाहूनही कमी जमिनीवरचा ऊस सिंचनाच्या पाण्याचा निम्म्याहून अधिक हिस्सा पितो, याचे पंडितांना सोयरसुतक नाही. तेही असो. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील पाटोदा, धारूर, वडवणी या जिरायती मुलुखातून, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी, पोरेबाळे व शेळ्या-कोंबड्यांसह जी जोडपी पश्चिमेकडील फडांवर उतरतात, त्या नवरा-बायकोस मिळून या समृद्धीच्या खातेवहीत एकच ‘कोयता’ धरतात. पहाटेपासून दोघेही वाकलेली असतात. तिने तोडायचे, पाचट सोलायचे, मोळी बांधायची, आणि रात्री-अपरात्री गाडी लागली की तीच मोळी डोक्यावर घेऊन डुगडुगत्या फळीवरून वर चढायचे. परंतु उचल ठरते नवऱ्याच्या नावाने, पैसा पडतो त्याच्याच हाती, आणि तिच्या आजारपणाचा खाडा मात्र दोघांच्या हिशेबात कापला जातो. हंगामाअखेर मजुरी उचलीपुढे तोकडी पडली, तर बाकी पुढील सालावर ओढली जाते. साखरेची पोती वाढली म्हणून ही बाकी घटल्याचे कोणत्या वहीत नमूद आहे, ते पंडितांनी दाखवावे. त्यासाठी त्यांनी गळिताच्या दिवसांत फडापर्यंत जरूर यावे. कारखान्याचे अतिथिगृह तेथून फार लांब नसते.

तोडणीयंत्रे आली की प्रश्न मिटेल, असेही ते सुचवितात. प्रश्न मिटेल की मजुराची रोजी?

१९७२ च्या दुष्काळातही हाच वाद झडला होता. कामे काढून पैसा उधळण्यापेक्षा तो बियाण्यांवर व खतांवर खर्चावा, असे सांगणारे तेव्हाही होते. लोक जगले ते खडी फोडून, संकरित वाणांच्या गुणवर्णनावर नव्हे, आणि १९७७ चा रोजगार हमीचा कायदा आला तो त्याच अनुभवातून.

मग करावे काय? पाण्याचा हक्क जमिनीस न चिकटविता माणसास द्यावा. त्याच दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावी पाणी पंचायतीने माणशी अर्धा एकर भिजेल इतके पाणी, कुटुंबास अडीच एकरांची मर्यादा, भूमिहीनासही वाटा आणि ऊस वर्ज्य, असे नियम घालून हे करून दाखविले आहे. प्रयोग लहान होता, हे खरे. उसास पाट देताना मात्र आकाराची चौकशी कोणी केली नव्हती. तूर्त एवढे तरी व्हावे: कारखान्यांनी कोयता दोन माणसे म्हणून मोजावा, आणि बाईची मजुरी बाईच्याच नावे, तिच्याच हाती द्यावी.