विश्लेषण : व्यवसायाच्या फोनची चावी कुणाच्या हाती?

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि मुंबईकरांना इगतपुरी गाठण्यासाठी कसारा घाटाला पर्याय मिळाला. भावली धरण आणि घाटातले धबधबे पाहायला येणाऱ्यांसाठी रिसॉर्ट, होमस्टे, हॉटेले सज्ज असतात. पलीकडे गोंदे परिसरात कारखाने आहेत. या सगळ्यांचा धंदा आजही मोठ्या प्रमाणावर फोनवर चालतो. मात्र तो फोन कुठे वाजावा, कुणी उचलावा, त्यावरून कुणाला संदेश जावा, हे आता टेलिफोन कार्यालयात नव्हे तर ऑनलाइन पोर्टलवर ठरते. सोय मोठी आहे. पण फेब्रुवारी २०२५ मधील नियमबदलानंतर या पोर्टलकडे दुर्लक्ष करणाऱ्या व्यावसायिकाची सगळी दूरध्वनी सेवा बंद पडू शकते.

ऑनलाइन व्यवस्थापन म्हणजे नेमके काय?

पूर्वी दुकानाचा किंवा कारखान्याचा फोन दुसऱ्या खोलीत हलवायचा तरी लेटरहेडवर अर्ज, शिक्का आणि मग लाइनमनची वाट पाहणे असा क्रम होता. आता दूरसंचार कंपन्या आणि क्लाउड टेलिफोनी पुरवणाऱ्या कंपन्या व्यावसायिक ग्राहकाला लॉगिन देतात. त्यातून कॉल वळवणे, कामाच्या वेळेबाहेर ध्वनिमुद्रित संदेश लावणे, कोणत्या कर्मचाऱ्याकडे कोणता कॉल जावा हे ठरवणे, न उचललेल्या कॉलची यादी पाहणे, सिमची डेटा मर्यादा बदलणे, बिल तपासणे अशी कामे होतात.

हे शक्य होते त्यामागचे कारण साधे आहे : क्रमांक आणि तार यांची फारकत. १८०० ने सुरू होणारा टोल-फ्री क्रमांक घ्या. या क्रमांकाला स्वतःची अशी कोणतीही तार नसते. तो डायल झाला की टेलिफोनचे जाळे एका मध्यवर्ती संगणकाला विचारते, हा कॉल आत्ता कुठे न्यायचा? तिथे एक तक्ता असतो. सकाळी नऊ ते सहा नाशिकचे कार्यालय, नंतर व्यवस्थापकाचा मोबाइल, रविवारी आणखी कुणी. उत्तर मिळाले की कॉल त्या खऱ्या क्रमांकावर जोडला जातो. पोर्टलवर बटण दाबणारा ग्राहक प्रत्यक्षात या तक्त्यातली एक नोंद बदलत असतो.

क्षमतेचेही तसेच. जुन्या पद्धतीच्या एका पीआरआय लाइनवर एका वेळी ३० कॉल चालतात. एकतिसाव्याला एंगेज टोन. क्षमता वाढवायची तर आणखी एक लाइन ओढावी लागे. इंटरनेट तंत्रावर चालणाऱ्या एसआयपी ट्रंकमध्ये ही संख्या सॉफ्टवेअरमध्ये ठरते, त्यामुळे बँडविड्थ पुरेशी असेल तर पावसाळ्यापुरती ती वाढवून नंतर कमी करता येते. हंगामावर चालणाऱ्या गावासाठी हा फरक लहान नाही.

घाटमाथ्यावर याचा उपयोग काय?

समजा, जुलैतली शनिवारची सकाळ आहे. मुसळधार पावसात कुठेतरी केबल तुटली आणि रिसॉर्टचा लँडलाइन मुका झाला. क्रमांक पोर्टलवरून चालणारा असेल तर व्यवस्थापक दोन मिनिटांत सगळे कॉल मोबाइलवर वळवू शकतो. बुकिंग करणाऱ्याला काही कळतही नाही. नुसत्या तांब्याच्या तारेवरचा लँडलाइन असेल तर वाट पाहण्याखेरीज फारसे काही हाती नसते.

अनेक छोटे व्यावसायिक मोबाइलवर तारा-हॅशचे सांकेतिक क्रमांक डायल करून कॉल वळवत असत. त्याचाच गैरफायदा भामट्यांनी घेतला. ‘मी तुमच्या दूरसंचार कंपनीतून बोलतोय, अमुक क्रमांक डायल करा’ असे सांगून ते समोरच्याचे कॉल, आणि त्यासोबत ओटीपीही, स्वतःकडे वळवून घेत. त्यामुळे दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून यूएसएसडीद्वारे होणारे कॉल फॉरवर्डिंग थांबवण्याचे आदेश दिले आणि ही सुविधा अन्य मार्गांनी सुरू करून घेण्यास सांगितले. पोर्टल आणि अ‍ॅपचे महत्त्व त्यामुळे आणखी वाढले.

एक अडचण मात्र पोर्टलनेही सुटत नाही. मोबाइल क्रमांक २०११ पासून देशभर कंपनी बदलून नेता येतो. व्यावसायिक ग्राहकाला तर एका पत्रावर १०० क्रमांकांपर्यंत पोर्टिंग मागता येते आणि त्यासाठी पाच कामकाजी दिवसांची मुदत आहे. लँडलाइनला ही सोय नाही. इगतपुरीचा ०२५५३ ने सुरू होणारा जो क्रमांक वर्षानुवर्षे फलकावर, बिलबुकावर छापला आहे, तो कंपनी सोडली की गेला. अमेरिकेत टोल-फ्री क्रमांकांबाबत हा प्रश्न १ मे १९९३ रोजीच सुटला. तिथे क्रमांकाची नोंद सामाईक राष्ट्रीय डेटाबेसमध्ये असते आणि ग्राहकाने नेमलेली संस्था ती सांभाळते, त्यामुळे कंपनी बदलली तरी क्रमांक तोच राहतो. पोर्टल कितीही चकचकीत असले तरी निघून जाण्याचा मार्ग नसेल तर ते ग्राहकाच्या हातातले साधन किती आणि कंपनीच्या हातातला लगाम किती, हा प्रश्न उरतोच.

एसएमएससाठी वेगळी नोंदणी कशाला?

‘आपले बुकिंग निश्चित झाले आहे’ एवढा संदेशही व्यवसायाला मनाला येईल तसा पाठवता येत नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरण म्हणजेच ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार व्यावसायिक संदेश पाठवणाऱ्या प्रत्येकाने डीएलटी पोर्टलवर नोंदणी करायची असते. दूरसंचार कंपन्या ही पोर्टल चालवतात. आधी संस्थेची नोंदणी, मग संदेशावर दिसणारे नाव म्हणजे हेडर, मग संदेशाचा साचा. साच्यात पाहुण्याचे नाव, तारीख, रक्कम अशा बदलत्या जागा सोडायच्या, बाकीचा मजकूर ठरलेला. पाठवलेला प्रत्येक संदेश या नोंदीशी ताडून पाहिला जातो. जुळला नाही तर तो वाटेतच अडतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून संदेशातली लिंकही आधी नोंदवलेली असावी लागते. म्हणजे रिसॉर्टने संकेतस्थळ बदलले आणि पोर्टलवर नवी लिंक टाकायची राहिली तर पुष्टीचे संदेश जाणे बंद.

हे ताडून पाहणे किती कडक असू शकते, याचा अनुभव देशाने ८ मार्च २०२१ रोजी घेतला. छाननी सुरू होताच बँकांच्या व्यवहारांपासून इतर सेवांपर्यंत अनेकांचे ओटीपी पोहोचेनात. कारण साधेच होते : बड्या संस्थांनीही आपले साचे नीट नोंदवलेले नव्हते. दुसऱ्याच दिवशी ट्रायला ही छाननी सात दिवसांसाठी थांबवावी लागली. मोठमोठ्या संस्थांना जे जमले नाही ते आठ खोल्यांच्या होमस्टेला सहज जमेल असे मानणे भाबडेपणाचे आहे. प्रत्यक्षात हे काम बहुतेकदा एखाद्या एसएमएस विक्रेत्याकडे सोपवले जाते, आणि लॉगिन, पासवर्ड, नोंदणीचा ईमेल सगळे त्याच्याकडेच राहते.

नव्या नियमांनी काय बदलले?

ट्रायने १२ फेब्रुवारी २०२५ रोजी या नियमांत दुरुस्ती केली. नोंदणी न करता साध्या दहा आकडी क्रमांकावरून जाहिरातीचे कॉल किंवा एसएमएस करणाऱ्यावर कारवाईचा उंबरठा खाली आणला. पूर्वी सात दिवसांत दहा तक्रारी आल्यावर कारवाई होत असे. आता दहा दिवसांत पाच तक्रारी पुरेशा आहेत. ग्राहकाला तक्रारीसाठी तीनऐवजी सात दिवस मिळतात, आणि त्याने डीएनडीत नोंद केलेली नसली तरी तक्रार ग्राह्य धरली जाते. दूरसंचार कंपनीने कारवाई करण्याची मुदत ३० दिवसांवरून पाच दिवसांवर आली.

शिक्षा अशी : पहिल्या उल्लंघनाला १५ दिवस आउटगोइंग सेवा बंद. पुन्हा केले तर त्या व्यवसायाच्या सर्व दूरसंचार जोडण्या, पीआरआय आणि एसआयपी ट्रंकसह, सर्व कंपन्यांकडून एक वर्षासाठी तोडल्या जातात आणि नाव काळ्या यादीत जाते.

इगतपुरीच्या संदर्भात याचा अर्थ काय? गेल्या पावसाळ्यात येऊन गेलेल्या पाहुण्यांची यादी काढायची आणि रिसेप्शनच्या मोबाइलवरून ‘सर, या वीकेंडला ऑफर आहे’ म्हणून फोन लावत सुटायचे, ही अगदी रुळलेली पद्धत आहे. मालकाला त्यात काही गैर वाटत नाही. पाहुणे ओळखीचेच असतात. पण नियमाच्या लेखी हा नोंदणी नसलेल्या क्रमांकावरून केलेला जाहिरातीचा कॉल आहे. प्रचाराच्या कॉलसाठी १४० ने सुरू होणारी आणि व्यवहार किंवा सेवेच्या कॉलसाठी १६०० ने सुरू होणारी मालिका राखून ठेवली आहे. यादीतल्या शेकडो लोकांपैकी पाच जण वैतागले की पुरे. जुलैच्या मध्यात १५ दिवस आउटगोइंग बंद म्हणजे चौकशी करणाऱ्याला उलट फोन करता येणार नाही.

ही धमकी कागदावरची नाही. १३ ऑगस्ट २०२४ च्या ट्रायच्या निर्देशानंतर तीन आठवड्यांतच २.७५ लाखांहून अधिक क्रमांक आणि जोडण्या तोडल्या गेल्या आणि ५० संस्था काळ्या यादीत गेल्या. यातली मेख अशी की हे नियम फोन कॉल आणि एसएमएसपुरते आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या जाहिरातींना ते लागू होत नाहीत. त्यामुळे प्रचाराचा मोठा लोंढा तिकडे वळणे स्वाभाविक आहे.

कर्मचाऱ्यांच्या सिमचे काय?

कंपनीच्या नावावर एकगठ्ठा सिम घेऊन वाटण्याची पद्धत दूरसंचार विभागाने बंद केली. १ डिसेंबर २०२३ पासून त्याऐवजी ‘बिझनेस कनेक्शन’ आले. त्यात संस्थेसोबत सिम प्रत्यक्ष वापरणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची केवायसी आवश्यक आहे. गोंद्यातल्या कारखान्याला हे मनुष्यबळ विभागाकडून करून घेता येते. हंगामापुरते वेटर आणि चालक ठेवणाऱ्या हॉटेलात मात्र माणूस ऑगस्टअखेर निघून जातो आणि सिम दुसऱ्याच्या हाती फिरत राहते. त्या क्रमांकावरून काही गैरप्रकार झाला तर नोंदीतले नाव तिसऱ्याचेच निघते.

लॉगिन नेमके कुणाकडे हवे?

सगळ्या व्यवस्थेचा कमकुवत दुवा इथे आहे. पोर्टलवर शिरण्यासाठी ओटीपी लागतो आणि तो येतो नोंदणीकृत मोबाइलवर, म्हणजे बहुधा मालकाच्या किंवा काम सोडून गेलेल्या जुन्या व्यवस्थापकाच्या. फोन हरवला आणि नवे सिम घेतले तर सुरक्षेसाठी पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत-जात नाहीत. शनिवारी फोन दरीत पडला की रविवारपर्यंत पोर्टलचा दरवाजा बंद. नवे सिम घेतल्यावर सात दिवस क्रमांक पोर्टही करता येत नाही. हा नियम १ जुलै २०२४ पासून आहे.

म्हणून पोर्टलवर दोन अधिकृत व्यक्तींची नोंद, त्यांचे मोबाइल वेगवेगळ्या कंपन्यांचे, आणि ईमेल कुणाच्या खासगी नावाचा नव्हे तर व्यवसायाचा, एवढी काळजी पावसाळ्याआधीच घ्यावी लागते. कॉल वळवण्याच्या नोंदी अधूनमधून उघडून पाहणेही त्यातच आले, कारण अनोळखी क्रमांकाकडे वळवलेला कॉल बिलात ठळक दिसेलच असे नाही. डीएलटीचे काम विक्रेत्याने केले असेल तर नोंदणी कुणाच्या पॅनवर आणि कुणाच्या ईमेलवर आहे, हे मालकाने स्वतः लॉगिन करून पाहिलेले बरे. तक्रारी आल्याच तर बंद होणारा फोन विक्रेत्याचा नसतो.