घरची हत्यारपेटी : उडण्याआधीची पाच मिनिटं



छत्रपती संभाजीनगरच्या सिडको भागातून एका भगिनीचं पत्र आलं आहे. हकिगत अशी : दिवाळीला मामानं भाच्यासाठी रिमोटवरचं हेलिकॉप्टर आणलं. एकावर एक दोन पंखे असलेलं, चांगलं महागातलं. महिनाभर छान उडालं. मग दोनतीनदा भिंतीवर आपटलं, आणि तेव्हापासून वर उचललं की स्वतःभोवती गरगर फिरतं. चिरंजीवांचं म्हणणं, प्लॅस्टिकचे भाग काढून धातूचे बसवू, दोन हजार दे. वडील म्हणतात, "खेळणंच ते, टाका माळ्यावर." आणि आईनं मध्ये तोंड घातलं की दोघेही म्हणतात, "तुला त्यातलं काय कळतं?"

अहो, कळतं की! मिक्सरचं कपलिंग झिजलं की आपण आवाजावरून ओळखतो. शिवणयंत्रात दोरा गुंतला की चाकाला हात लावताच समजतं. या हेलिकॉप्टरमध्ये त्याहून फार निराळं काही नाही. तेव्हा दोन हजार काढण्याआधी जरा शांतपणे पाहू या.

आधी त्याचं मर्म समजून घ्यावे. पंखा एका दिशेला फिरला की हेलिकॉप्टरचं अंग उलट दिशेला फिरू पाहतं. म्हणून नेहमीच्या हेलिकॉप्टरला शेपटीवर एक छोटा पंखा असतो. आपल्या या प्रकारात मात्र दोन पंखे विरुद्ध दिशांना फिरतात आणि एकमेकांचा जोर तोलून धरतात. थोडं संसारासारखंच म्हणा ना! आपल्या नौदलाची कामोव्ह हेलिकॉप्टरं याच जातीची. शेपटीचा पंखा नसल्यामुळे ती आखूड असतात आणि जहाजाच्या डेकवर बेताच्या जागेत मावतात.

मुलाच्या हेलिकॉप्टरात बहुधा प्रत्येक पंख्याला स्वतंत्र मोटर आणि स्वतंत्र गिअर असतो. तेव्हा ते गरगर फिरतं याचा अर्थ एवढाच, की दोघांपैकी एक कमी पडतो आहे. कुठे केस गुंडाळला असेल, गिअरचा दाता तुटला असेल, नाहीतर मोटर थकली असेल. यातल्या कशावरही धातूचे भाग हा उपाय नव्हे. म्हणून आधी तपासणी, मग खरेदी. बॅटरी काढून ठेवावी आणि पुढील क्रमाने पाहावे :

१) पाती. मुळाशी बारीक चीर आहे का? कडेला खाचा पडल्यात का? चीर असलेलं पातं चिकटवून वापरू नये, ते उडताना तुटून डोळ्याला लागू शकतं. बदलावं. पात्यांचे स्क्रू फार आवळू नयेत. पाती जागेवर सहज हलली पाहिजेत, फिरायला लागली की ती आपोआप सरळ होतात.

२) दांडा. वरच्या पंख्याचा बारीक दांडा खालच्या पंख्याच्या पोकळ दांड्यातून जातो. आपटल्यावर पहिला वाकतो तो हाच. काढून आरशावर किंवा ओट्याच्या गुळगुळीत फरशीवर लाटण्यासारखा फिरवावा. डुगडुगला तर वाकला समजावे. ठोकून सरळ करत बसू नये, नवा घालावा.

३) गिअर. दाते मोजून पाहायची गरज नाही, बोटानं हळू फिरवा. अडखळला तर तिथे केस, दोरा किंवा तुटका दाता आहे. केस चिमट्यानं काढा. दोन गिअर एकमेकांत फार रुतलेलेही नकोत. वहीच्या कागदाची पट्टी मधून फिरवली तर ती चुरगळून बाहेर यावी, फाटू नये.

४) तोल. सगळ्यात वर, टोकांना वजनं असलेली एक आडवी दांडी असते. हेलिकॉप्टर स्थिर राहतं ते हिच्यामुळे. आता बॅटरी जागेवर ठेवा, पण तिची पिन जोडू नका. ही दांडी अंगाला काटकोनात आणून दोन्ही बाजूंनी बोटांवर उचलून धरा. नाक खाली झुकलं तर बॅटरी थोडी मागे सरकवा, शेपूट झुकली तर पुढे.

हे सारं करूनही फिरणं थांबलं नाही, तर मोटर बदलावी लागेल. मोटरच्या वायरी सोल्डर करायच्या असतात. घरी सवय नसेल तर पैठण गेटच्या बाजूला मोबाइल दुरुस्त करणाऱ्याकडून करून घ्याव्यात.

आता धातूच्या भागांबद्दल. दिसतात झकास, चमकतात. पण त्यांचं वजन वाढतं, आणि वजन वाढलं की उडण्याची मिनिटं कमी होतात, मोटर तापते. शिवाय प्लॅस्टिकचा भाग आपटल्यावर स्वतः मोडतो आणि आतला दांडा वाचवतो. धातूचा मोडत नाही, तो धक्का पुढे ढकलतो. स्वस्तातली वस्तू वाचवून महागातली मोडायची, हा व्यवहार आपल्याला तरी पटणार नाही. सुधारणाच करायची तर क्रम असा ठेवावा : पात्यांचे दोन जादा जोड, चांगली बेअरिंगं, दोन्ही सेल सारखे भरणारा चार्जर आणि मग जादा बॅटरी.

आता बॅटरी. हे मात्र नीट वाचा, कारण इथे चूक झाली तर घर पेटू शकतं. या लिथियमच्या बॅटऱ्या असतात. दर सेलला ४.२ व्होल्टच्या वर भरू नये आणि ३ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नये. उचल मंदावली की खाली उतरवायचं, "आणखी एकदाच" म्हणायचं नाही. ८०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी असेल तर चार्जर ०.८ अँपिअरवर ठेवावा. उडवल्याबरोबर लगेच चार्ज करू नये, वीस मिनिटं निवू द्यावी. चार्ज करताना गादीवर, सोफ्यावर किंवा पडद्याजवळ कधीही नको. फरशीवर मातीच्या कुंडीत ठेवावी. रात्री लावून झोपणं किंवा लावून भाजीला जाणं बंद. पापडासारखी फुगलेली बॅटरी टोचू नये, वापरू नये, केरातही टाकू नये. ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यावी. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा स्कूटरच्या डिकीत ती विसरू नका.

उडवताना आधी रिमोट चालू, मग हेलिकॉप्टर. बंद करताना उलट. छताचा पंखा बंद करावा. लहान मूल खोलीबाहेर, केस बांधलेले, पदर खोचलेला. जमिनीलगत ते स्वतःच्याच वाऱ्यानं डगमगतं, म्हणून सरळ कमरेइतकं वर न्यावे. गच्चीवर नको. एक तर या जातीला वारा सोसत नाही. दुसरं म्हणजे जालना रस्त्यावरचं चिकलठाणा विमानतळ सिडकोपासून जवळच आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांत अशी मॉडेलंही येतात, आणि विमानतळाजवळच्या टापूत परवानगीशिवाय उडवता येत नाही. दिवाणखानाच बरा.

चिरंजीवांना हे सारं कटकटीचं वाटेल. तेव्हा त्यांना मंगळावरच्या हेलिकॉप्टरची गोष्ट सांगा. 'इंजेन्युइटी' त्याचं नाव, वजन अवघं १.८ किलो, आणि पंखे असेच एकावर एक दोन! त्याचे मुख्य अभियंता बॉब बलराम, मद्रासच्या आयआयटीत शिकलेले. ते ११ एप्रिल २०२१ ला उडायचं होतं. पण आधी पंखे फिरवून पाहण्याच्या चाचणीत अडचण दिसली, आणि साऱ्या जगाचं लक्ष लागलेलं असतानाही त्या मंडळींनी उड्डाण पुढे ढकललं. दोष काढून १९ एप्रिलला उडवलं. पाच उड्डाणांसाठी पाठवलेलं ते यंत्र ७२ वेळा उडालं. शेवटी जानेवारी २०२४ मध्ये थांबलं ते पाती मोडल्यामुळे. पाती, मैत्रिणींनो!

पत्र लिहिणाऱ्या भगिनीला माझं सांगणं एवढंच. वरचे चार मुद्दे एका कागदावर लिहून कपाटाच्या दारावर चिकटवा. मुलानं तपासायचं आणि तुम्ही एकेक खूण करायची. चार खुणा झाल्याशिवाय बॅटरीची पिन जोडायची नाही. वाळूजला कारखान्यात मशीन चालू करण्याआधी जे करतात, तेच हे. वडिलांनाही ते पटेल. आणि वाकलेला दांडा ओट्यावर डुगडुगताना मुलाला दाखवलात, की "तुला काय कळतं" हे पुन्हा ऐकू यायचं नाही.

दांडा वाकला होता की केस अडकला होता, ते मात्र कळवा हं! वाट पाहते.