किक्कुलीच्या घोड्यांचे फेरे

तुर्कस्तानातल्या बोआझकॉयला, हित्तींच्या हत्तुशा या राजधानीत, १९०६पासून कीलाकार लिपीतल्या मातीच्या हजारो पाट्या निघाल्या. त्यांत मितन्नी देशाच्या किक्कुलीनं सांगितलेला रथाच्या घोड्यांचा सराव आहे: चारा, पाणी, दौड, विसावा. मजकूर हित्ती, पण मध्येच ‘ऐकवर्तन्न’, ‘तेरवर्तन्न’, ‘पंझवर्तन्न’, ‘सत्तवर्तन्न’ असे परके शब्द येतात. एक, तीन, पाच, सात मराठी वाचकाला लगेच ओळखू येतात. ‘वर्तन्न’ म्हणजे वळण, फेरा.

अडतो तो ‘नवर्तन्न’. नऊ फेऱ्यांसाठी ‘नववर्तन्न’ हवं होतं. लागोपाठच्या दोन ‘व’मधला एक बोलताना गळला, हा उलगडा मला पटतो. अशी गळती जिवंत बोलीतच होते. ‘ऐक’ तर त्याहून मोलाचं, कारण वैदिक ‘एक’च्याही आधीचा उच्चार त्यात टिकला आहे.

यावरून हित्ती लोक संस्कृत बोलत होते असं म्हणणं मात्र चूक. हे शब्द मितन्नीच्या अश्वविद्येबरोबर तिथं पोचले. या अंकातला मुख्य लेख त्या पाट्यांवर आहे. तो सावकाश वाचावा, ही विनंती.