मधल्या खुर्चीतले मूल

मराठी समीक्षेला 'मूक' हा शब्द फार प्रिय आहे. मूक वेदना, मूक आक्रोश, मुक्यांच्या दुःखाला वाचा फोडणे. परीक्षणांतून हे शब्दप्रयोग इतक्या सहजपणे येतात की त्यांच्यामागचे गृहीतक कोणाच्या ध्यानातही येत नाही. गृहीतक असे, की जो बोलत नाही त्याच्याजवळ भाषा नसते, आणि म्हणून त्याचे दुःख दुसऱ्या कोणीतरी सांगावे लागते. साहित्यात हे गृहीतक फार तर कंटाळवाणे ठरते. मानसोपचाराच्या खोलीत ते माणसाचा घात करते, असे आमचे म्हणणे आहे.

आमच्यापैकी एकाच्या पदव्युत्तर वर्गात अनुवादाची चर्चा चालली होती. मूळ संहितेशी निष्ठा वगैरे नेहमीचे मुद्दे झाले. आई-वडील दोघेही कर्णबधिर, स्वतःला मात्र ऐकू येते, अशी एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, मी एकदा मुद्दाम चुकीचा अनुवाद केला आहे." ती बारा वर्षांची होती. वडिलांना कित्येक महिने झोप नव्हती, म्हणून तिघे एका दवाखान्यात गेले. डॉक्टर तिच्याकडे पाहून म्हणाले, "पप्पांना विचार, जीव द्यावासा वाटतो का?" तिने खुणेने विचारले, भूक लागते का? वडिलांनी नाही म्हटले. तिने डॉक्टरांना 'नाही' सांगितले. कागदावर तशी नोंद झाली.

अनुवादमीमांसेची आमची सगळी पोथी त्या तासाला निरुपयोगी ठरली.

अशा मुलांविषयी लिहिताना तज्ज्ञ एक निदान हमखास करतात : मुलावर अकाली पालकत्व लादले गेले. कर्मणी प्रयोग मोठा सोयीचा असतो, त्यात कर्ता गाळता येतो. लादले कोणी? वाचणाऱ्याची नजर आपोआप बहिऱ्या आई-वडिलांकडे वळते. वस्तुतः त्या मुलीला मधल्या खुर्चीत बसवले ते डॉक्टरांनी. त्याआधी बँकेतल्या कारकुनाने, शाळेच्या मुख्याध्यापकांनी, वीजबिलाच्या खिडकीवरच्या माणसाने. आई-वडील तिच्याशी त्यांच्या भाषेत उत्तम बोलत होते. बोलता येत नव्हते ते बाकीच्यांना.

चित्रपटांनीही हाच डाव खेळला आहे. 'खामोशी : द म्युझिकल' (1996) मधले गोव्याचे बहिरे दांपत्य नाना पाटेकर आणि सीमा बिस्वास यांनी साकारले, त्यांची ऐकणारी मुलगी गायिका. त्याच वर्षीच्या 'बियाँड सायलेन्स' या जर्मन चित्रपटातली मुलगी क्लॅरिनेट वाजवते. 'ला फामिय बेलिये' (2014) या फ्रेंच चित्रपटात मुलगी गाते, आणि त्यावरून अमेरिकेत बेतलेल्या 'कोडा' (2021) मध्येही गातेच. हा योगायोग म्हणावा काय? बहिऱ्यांच्या ऐकणाऱ्या मुलाचे दुःख म्हणजे त्याचे संगीत आई-वडिलांना पोहोचत नाही, असे एकदा ठरवले की अडसर त्यांच्या कानांत जाऊन बसतो आणि खिडकीवरचा कारकून निर्दोष सुटतो. 'कोडा'ला 2022 मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. त्यात आई-वडिलांच्या खाजगी दुखण्याची चर्चा किशोरवयीन मुलगी डॉक्टरांसमोर दुभाषी होऊन करते, आणि प्रेक्षागृह हसते. त्या जागी नैराश्याचा रुग्ण बसवून पाहावा.

इथे एक जुनी हकीकत आठवते. 'टॉकिंग क्युअर', म्हणजे बोलण्याने होणारा उपचार, हे नाव फ्रॉइडने दिलेले नाही. ब्रॉयरची रुग्ण 'ॲना ओ.', म्हणजे बर्था पापेनहाइम, हिने ते दिले, आणि दिले इंग्रजीत. कारण आजाराच्या त्या काळात तिला तिची जर्मन बोलता येत नव्हती. ब्रॉयरला इंग्रजी येत होते म्हणून उपचार पुढे सरकला. रुग्णाला जी भाषा वश आहे तिथवर उपचारकाने जावे, ही अट या शास्त्राच्या पाळण्यातच होती. व्हिएन्नात इंग्रजी चालली. मग खुणांची भाषा का चालू नये?

भाषा म्हणजे हातवारे नव्हेत, हेही अजून सांगावे लागते. अमेरिकन सांकेतिक भाषेला स्वतःची घडण आहे हे विल्यम स्टोकी यांनी 1960 मध्येच दाखवून दिले. या भाषांत भुवया, ओठ, मान यांना व्याकरणात स्थान असते. प्रश्न भुवयांनी विचारला जातो. हे न जाणणारा डॉक्टर व्याकरणालाच क्षोभ समजू शकतो. बहुतांश बहिरी मुले ऐकणाऱ्या घरांत जन्मतात, आणि 1880 च्या मिलान परिषदेने मौखिक पद्धतीचा कौल दिल्यानंतर जगभरच्या शाळांनी पिढ्यान् पिढ्या खुणांना मज्जाव केला. पुष्कळांना धड पहिली भाषाच वेळेवर मिळाली नाही. त्यातून येणारी पोकळी हा आजार त्यांचा मानायचा की शाळांचा?

न्यूयॉर्कमध्ये 1955 पासून बहिऱ्यांसाठी स्वतंत्र मानसोपचार सेवा आहे. अल्पवयीन मुलाला दुभाषी म्हणून राबवू नये, जिवावरचा तातडीचा प्रसंग तेवढा अपवाद, असा नियम अमेरिकेने 2010 मध्ये केला. आपल्याकडे भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र 2015 मध्ये स्थापन झाले. त्याच्या कोशात 2021 पर्यंत दहा हजार शब्द जमले. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा तर रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती द्या, असे सांगतो. 2011 च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्यांची संख्या पन्नास लाखांवर होती. सगळ्यांनाच खुणांची भाषा लागते असे नाही. पण ज्यांना लागते त्यांच्यासाठी कायद्यातली 'समजेल अशी भाषा' कोण बोलणार?

यावर एक आक्षेप येतो : आपल्याकडे कुटुंब हेच दुभाषी, त्यात प्रेम असते, हे परदेशी चोचले कशाला? प्रेम असते, मान्य. आई-वडिलांसाठी बोलण्याचा अभिमानही या मुलांना असतो, आणि त्या सर्वांना जखमी ठरवणे हा आणखी एक उद्धटपणा होईल. रेशनच्या दुकानात मुलीने भाव विचारावा, यात काही बिघडत नाही. पण आपण मेलो तर बरे असे बापाला वाटते, हे त्याने मुलीच्याच तोंडून सांगावे? कोणता बाप सांगेल?

आमची ती विद्यार्थिनी पुढे स्वतः एका समुपदेशिकेकडे गेली. पहिल्या तिन्ही भेटी बहिऱ्या माणसांचे घर कसे चालते, दाराची बेल कशी कळते, रात्री बाळ रडले तर काय करतात, हे समजावून सांगण्यात गेल्या. म्हणजे तिथेही दुभाषीपण सुटले नाही. फी मात्र तिने भरली. चौथ्यांदा ती गेली नाही.

मानसशास्त्राच्या एम. ए.ला भारतीय सांकेतिक भाषेची एक अभ्यासपत्रिका असावी, एवढीच आमची मागणी आहे. भाषा विभागांनीही तिच्याकडे भाषा म्हणून पाहावे. तौलनिक साहित्याच्या परिसंवादांतून 'मूक' या शब्दावर निबंध वाचणाऱ्यांनी आधी. वडिलांना तो मूळ प्रश्न विचारलास का, असे आम्ही त्या मुलीला नंतर विचारले. ती म्हणाली, "अजून नाही. विचारायला तिसरे कोणी मिळाले तर बघू."