नावाचे कुलूप

चिटगुप्प्याच्या वडीलधाऱ्यांना दप्तर बदलणे म्हणजे काय हे समजावून सांगावयास नको. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले आणि आपला बिदर जिल्हा म्हैसूर राज्यात आला. घरे, शेते, विहिरी जागच्या जागी राहिल्या; हलले ते दप्तर. अशा वेळी नव्या दप्तरात आपले नाव बिनचूक उतरणे एवढेच महत्त्वाचे असते.

संकेतस्थळाच्या नावाचे, म्हणजे डोमेनचे, असेच आहे. हे नाव आपण रजिस्ट्रार म्हणविणाऱ्या नोंदणी-संस्थेकडे ठरावीक मुदतीसाठी नोंदवितो. संस्था महाग वाटली वा तिची सेवा पटली नाही, तर नाव तेच ठेवून दुसऱ्या संस्थेकडे जाता येते. परंतु मालकाच्या नकळत कोणी ते पळवू नये, म्हणून नावाला बदलीचे कुलूप घातलेले असते.

ही भीती पोकळ नाही. जानेवारी २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘पॅनिक्स’ या जुन्या इंटरनेट कंपनीचे नाव तिच्या संमतीवाचून ऑस्ट्रेलियातील एका रजिस्ट्रारकडे गेले. नाव परत मिळेपर्यंत तिच्या ग्राहकांची पत्रे भलतीकडेच जात होती.

बदलीची रीत अवघड नाही. प्रथम जुन्या संस्थेच्या खात्यात जाऊन कुलूप काढावे व बदलीचा गुप्त संकेतांक मागावा. तो नव्या संस्थेला देऊन शुल्क भरावे. डॉट कॉमसारख्या नावांच्या बाबतीत, कुलूप स्वतः काढण्याची सोय नसल्यास जुन्या संस्थेने मागणीनंतर पाच दिवसांत ते काढून द्यावे, असा नियम आहे. मात्र नवी नोंदणी वा आधीची बदली होऊन साठ दिवस झाले नसतील, तर थांबावे लागते. मुदत संपत आली असताना हा खटाटोप करू नये. काम झाल्यावर नव्या ठिकाणी कुलूप पुन्हा लागले आहे ना, हे स्वतः पाहावे. हा संकेतांक दूरध्वनीवर मागणाऱ्या अनोळखी माणसास कदापि सांगू नये.

एवढे शहाणपण आम्हांस ठेच लागल्यावर आले. आमच्या घरच्या दुकानाचे संकेतस्थळ एका होतकरू तरुणाने करून दिले होते. नाव आमच्या आजोबांचे, पैसे आमचे. पण नोंदणी त्याच्या नावे आणि ई-मेलही त्याचाच. बदली करावयास निघालो तेव्हा कुलूप आमच्या हाती नव्हते. संकेतांक मागितला, तो त्याच्या पत्त्यावर गेला. आणि तो तर नोकरीसाठी परगावी निघून गेलेला, क्रमांकही बदललेला. मुदत संपावयास तीन आठवडे उरले होते. ते दिवस आम्ही कसे काढले ते आमचे आम्हांस ठाऊक. अखेर त्याच्या मामांकरवी त्याचा शोध लागला. मुलगा सज्जन, त्याने त्याच रात्री सारे आमच्या स्वाधीन केले. त्याला बोल लावण्यात अर्थ नव्हता. पहाणीवरचे नाव दहादा तपासणारे आम्ही, हे एक नाव कोणाच्या खाती आहे, हे विचारावयास विसरलो होतो.

आता तर २०१४ पासून ‘डॉट भारत’मुळे मराठी नाव देवनागरीतही नोंदविता येते. सीमेवरच्या आपल्या मंडळांनी, शाळांनी, दुकानदारांनी अशी नावे अवश्य घ्यावीत. पण दिवाळीत वह्यांची पूजा करताना एवढे पाहून घ्यावे : नोंदणी कोणाच्या नावे आहे, ई-मेल कोणाचा आहे, मुदत केव्हा संपते आणि कुलूप लागलेले आहे काय. याचे उत्तर घरातील एकालाच ठाऊक असेल, तर ते दुसऱ्यासही त्याच दिवशी सांगून ठेवावे.